उलटीचा रंग बघा
मूळ धाग्यात एका ताईंच्या बाळाला जठरात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ, निघालाय; तो जठरात असेल तर आतडं कसं अडेल, असं वर विचारलंय. अडतं. देठावर लोंबणारा पॉलिप जठराच्या खालच्या तोंडातून पुढे घसरतो, कधी जठराची भिंतही सोबत ओढतो, आणि वाट बंद. तो मागे सरकला की मूल परत हसतंखेळतं, म्हणून तर निदान लांबतं. अशा पॉलिपांतला इन्फ्लमेटरी फायब्रॉइड पॉलिप नावाचा (कर्करोग नसलेला) प्रकार वानेक नावाच्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये वर्णन केला. तो बहुतेक मोठ्या माणसांत सापडतो, लहान मुलांत फार क्वचित.

आमच्या भाच्याचा पॉलिप लहान आतड्यात होता. वय पाच. आठवडाभर "जंत असतील" म्हणत आमची आई बेंबीभोवती हिंग लावत होती, फॅमिली डॉक्टरांनीही जंताचंच औषध दिलं. शनिवारी रात्री स्टीलच्या ताटलीत उलटी झाली ती हिरवीगार, पालकाच्या पाण्यासारखी, म्हणजे पित्ताची; आतडं अडल्याची ही खूण. ताईने ताटली तशीच झाकून सोबत घेतली. घोडबंदर रोडला नेहमीसारखा ट्रॅफिक, काय सांगू! सोनोग्राफीत आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं.

एक-दोन वर्षांच्या बाळांत हे बहुधा कारणाशिवाय होतं आणि हवेच्या किंवा सलाइनच्या एनिमाने बऱ्याचदा सुटतं. मोठ्या मुलात मात्र आत पॉलिपसारखं काहीतरी असल्याचा संशय घेतात. भाच्याचं ऑपरेशनच करावं लागलं.

मूळ धाग्यातल्या ताई, पॉलिपचा बायोप्सी रिपोर्ट जपून ठेवा. आणि बाळाच्या ओठांवर काळसर ठिपके असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा; प्यूट्झ-जेगर्स या आनुवंशिक आजारात ते दिसतात.