चिलापीच्या विणीवरच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा का?

भीमाकाठ
भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाला उभं राहून बघा, ढिगावर ढीग चिलापीचे, म्हणजे तिलापियाचे. सोलापूर हायवेवर थांबून आपण सगळेच ती फ्राय मिटक्या मारत खातो, मी पण खातो, पण मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ ला श्रीलंकेतून तमिळनाडूत मंडपमला आणला, १९५९ ला मत्स्य संशोधन समितीने आता पुढे पसरवू नका म्हणून सांगितलं तोवर हा गडी कुठल्या कुठे पोचला होता. मागाहून नाईल तिलापिया आली ती वेगळीच.
माझं म्हणणं एवढंच की भीमेवरच्या उजनी धरणात ही नेमकी कुठल्या फुगवट्यात, किती पाण्यात, कुठल्या महिन्यात जास्त विणते याचा नीट नकाशा करायला राज्याने पैसा द्यावा, चांगला तीन-चार वर्षं पुरेल एवढा. दरवर्षी वरून मत्स्यबीज सोडत बसायचं आणि खाली चिलापी बारा महिने वाढून देशी माशाला हटवतेय, याला काय अर्थ आहे? ऑस्ट्रेलियात कार्पची (रोहूच्या जातकुळीतला, तिथे परका मासा) वीण मोडायला तळ्याचं पाणी खालीवर करतात, तसं आपल्याकडे का नको?

जाळंवाला
झालं सुरू पुण्यात बसून. आमचं घर चिलापीवर चालतं भाऊ. रोहू-कटला मच्छीमार सोसायटीने सोडला तर मिळणार, नाही सोडला तर नाही, ही मात्र कायम असते. उद्या तुमचा नकाशा झाला आणि चिलापी कमी झाली तर आमच्या होड्यांनी काय करायचं? आणि परकी परकी म्हणताय तर रोहू, कटला, मृगळ कुठले हो? गंगेकडचेच की. ते भीमेत सोडताना कुणाला देशी-विदेशी आठवलं नाही.
पैसा द्यायचाच तर वडापवाल्यांवर, म्हणजे बारीक आसाचं जाळं ओढणाऱ्यांवर, गस्त घालायला द्या. त्या जाळ्यात बोटुकलीसकट (बोटाएवढ्या पिल्लांसकट) सगळं उपसून नेतात.

हिशेबनीस
+१ जाळंवाला. शिवाय पाणी खालीवर करायची आयडिया चिलापीला लागूच होत नाही. कार्पची अंडी पाणवनस्पतीला चिकटलेली असतात, पाणी उतरलं की वाळून मरतात. चिलापीचा नर उथळात ताटासारखा खड्डा करतो हे खरं, पण अंडी त्यात राहतात किती वेळ? मादी लगेच तोंडात घेते आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. तुम्ही पाणी उतरवलं की ती बाई तोंड मिटून खोल पाण्यात निघून जाणार. आणि ज्याला विणीचा सीझनच नाही, पाणी कोमट असलं की झालं, त्याची वीण गाठायची कुठे? देशी मासे गेले ते पुणे-पिंपरीचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं म्हणून, वाळू उपसली म्हणून. खापर चिलापीवर.

मावळातली
हिशेबनीस, तुम्ही जे लिहिलंत ना, तोंडात अंडी वगैरे, ते कुणीतरी पैसे घेऊन अभ्यास केला म्हणूनच तुम्हाला माहितीये :)
कार्पचा उपाय चिलापीला चालत नाही म्हणूनच चिलापीचा वेगळा अभ्यास पाहिजे. नर खड्ड्यांपाशी उथळात गर्दी करतात, ते पट्टे कळले तर तिथे जाळी लावता येतात, आणि ती जाळंवाल्यांनीच लावायची, मजुरी घेऊन, वर मासा त्यांचाच. टास्मानियात लेक क्रेसंटला १९९५ मध्ये कार्प सापडला तेव्हा त्यांनी काही नरांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून परत सोडलं आणि ते विणीसाठी जिथे गोळा होतात तिथे बाकीचे पकडले, पाणथळीच्या तोंडाशी जाळ्या लावून आत जायची वाट अडवली, २००७ पर्यंत तळं साफ.
आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला अख्खं गाव ओढ्यावर असायचं. देशी मासा वर्षातून एकदा चढतो, गाबोळीने भरलेला, तेवढाच त्याचा चान्स. तो एक चुकला की वर्ष गेलं, आणि चिलापी त्या वर्षात कितीदा विणून मोकळी. मैलापाणी दोघांनाही लागतं, पण ती तग धरते, हे मरतात. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ज्या महाशीराची नोंद केली तो मुळा-मुठेतला होता, आज पुण्यात बंडगार्डनला उभं राहून बघा काय दिसतंय ते.

टेस्टट्यूब
विणीवरच्या संशोधनाने काय होतं विचारताय? १० जुलै १९५७, ओडिशा. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी कार्पला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात विणत नाहीत, त्याआधी बी नदीतून गोळा करावं लागायचं. आज सोसायटी जी बोटुकली सोडते ती त्यातूनच आली.
दुसरं, अमेरिका-कॅनडाच्या ग्रेट लेक्स या मोठ्या तळ्यांतली सी लॅम्प्रे, बाहेरून शिरलेला मासा. मोठ्या माशांना चिकटून रक्त पिते. विणते मात्र ओढ्यांत आणि पिल्लं काही वर्षं तिथल्याच चिखलात राहतात. हे कळलं म्हणून ओढ्यातच औषध टाकायचं ठरलं, सहा हजारांच्या आसपास रसायनं तपासली तेव्हा एक कामाचं निघालं, आणि लॅम्प्रे नव्वद टक्क्यांच्या आसपास घटली. कोविडमध्ये औषध टाकणं कमी झालं तर लगेच परत वाढली.

हिशेबनीस
चौधरींनी मासा वाढवला साहेब, कमी नाही केला. आणि लॅम्प्रे तिथे कुणी ढाब्यावर खात नाही, तिच्या जिवावर कुणाचं घर चालत नाही. ती मेली तर सगळे खूष. शिवाय तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दरवर्षी औषध टाकायचं, म्हणजे खर्च कधीच संपणार नाही. थाई मांगूर या परक्या माशावर २००० पासून बंदी आहे, त्याला काही विणीचा नकाशा लागला नाही, तरी शेततळ्यांत चोरून चालूच. आपलं दुखणं अंमलबजावणीचं आहे.

भीमाकाठ
चालू आहे ना, मग? मांगूर पावसात पाणी पसरलं की उथळात अंडी टाकतो, शेततळं फुटलं आणि तो ओढ्यात गेला की तुमची अंमलबजावणी काय धाड मारणार? तिथे वीण माहीत असायलाच लागते. उजनीतून चिलापी संपवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही, ती आता संपत पण नाही. वरच्या छोट्या धरणांत, जिथे अजून देशी मासा आहे, तिथे ती शिरू नये एवढं जमलं तरी खूप. त्यासाठी उजनीत शिकायचं, कारण तिथे ती पोत्याने मिळते.

जाळंवाला
हे आधी लिहायचं ना मग. वरच्या धरणांसाठी असेल तर माझी ना नाही. पण एक अट. कुठला मासा कुठल्या महिन्यात अंड्यावर आहे हे माझ्या चुलत्याला जाळं ओढताना कळतं, प्रोजेक्टचे पैसे येतील तेव्हा नोंदवही त्याच्या हातात द्या आणि रोजाची मजुरी पण द्या. नाहीतर जीपमधून येणार, आमच्याच होडीत फुकट फिरणार, चहा पिऊन जाणार.
आणि वडापचं कुणीच बोललं नाही अजून.