अ‍ॅटॅकनंतर खचलेल्या बाबांसाठी सायलोसायबिन?

वारणाकाठची: मार्चमध्ये बाबांना अ‍ॅटॅक आला, दोन स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीच्या नळ्या) टाकल्या. वय ६४. रिपोर्ट चांगले आहेत, माणूस मात्र विझलाय. पहाटे पाचला सगळं घर उठवणारे बाबा आता इस्लामपूरच्या अंगणात दिवसभर खुर्चीत बसून असतात. पुढ्यातला चहा गार होतो. मी मेलबर्नला असते. इथे १ जुलै २०२३ पासून खास परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ सायलोसायबिन, म्हणजे मॅजिक मशरूममधलं द्रव्य, देऊ शकतात. हृदयरोग्यांवरही ते तपासून पाहावं असं वाचलं. बाबांना इकडे आणू का?

निवृत्त सिस्टर: ताई, २२ वर्षं सीसीयूत, म्हणजे हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात काढली, म्हणून स्पष्ट लिहिते. आत्ता नको. ती परवानगी औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी आहे, हृदयासाठी नाही. हे द्रव्य घेतल्यावर काही तास बीपी आणि ठोके वाढतात, म्हणून चाचण्यांत गंभीर हृदयरोग्यांना सहसा घेतच नाहीत. दुसरं, फेनफ्लुरामीन नावाच्या वजन घटवायच्या गोळीने हृदयाच्या झडपा खराब व्हायच्या, १९९७ मध्ये ती अमेरिकेत मागे घेतली. ती गोळी सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाच्या ज्या रिसेप्टरमधून (पेशीवरच्या ग्राहकातून) झडपांवर काम करायची, तिथेच सायलोसायबिनही काम करतं. एखाद-दुसऱ्या डोसाने तसं होईल असं नाही, पण रोज थोडं थोडं घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि भारतात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंदी आहे, सोबत न्यायचा विचारही नको.

आधी नेहमीचे उपचार करून बघा. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध २००२ मध्ये ३६९ हृदयरोग्यांवर तपासलं होतं, हृदयाला सुरक्षित ठरलं.

कोथरूड: चाचणी व्हायला हवी असं मलाही मनापासून वाटतं. पण २००३ चा एनरिच्ड अभ्यास बघा. अ‍ॅटॅक आलेले २,४८१ रुग्ण, समुपदेशनाने नैराश्य कमी झालं, मृत्यू आणि पुन्हा येणारे अ‍ॅटॅक मात्र कमी झाले नाहीत. मन हलकं झालं म्हणून हृदय वाचलं असं धरून चालता येत नाही, दोन्ही वेगवेगळं मोजावं लागेल.

बायपासवाला: माझ्या बायपासनंतर सहा महिने मी रात्री मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत पडायचो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाबांना कसली भीती वाटते, ते विचारलंत का?

वारणाकाठची: काल फोनवर विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वाकलो तर स्टेंट निसटेल, म्हणून उठत नाही.” सहा महिने हेच मनात धरून बसलेत. सिस्टर, निसटते का हो?

निवृत्त सिस्टर: नाही गं. फुगा फुगवून ती धमनीच्या भिंतीला घट्ट दाबून बसवतात. वाकल्याने, चालल्याने हलत नाही. हे तुझ्याकडून नको, त्यांच्या डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकव. याच आठवड्यात.