मदत हवी आहे: सर्वात भारी ओपनर कोण?

मंडळी नमस्कार, मी फोंड्याचा. रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण हॉटेलात पातळभाजी-पाव खायला बसतो आणि गेले तीन रविवार एकच वाद चाललाय, टेस्ट क्रिकेटमधला सगळ्यात मोठा ओपनर, म्हणजे डावाची सुरुवात करणारा बॅट्समन, कोण. माझं मत ठाम आहे, गावसकर. 1971 ला वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच सिरीजमध्ये चार टेस्टमध्ये 774 रन, पुढे 34 सेंच्युरी, त्यातल्या 13 वेस्ट इंडिजविरुद्ध आणि तेही हेल्मेट न घालता! पण पुतण्या ऐकतच नाही, पावाचा तुकडा हातात तसाच धरून सांगतो, काका, सेहवागच्या दोन ट्रिपल सेंच्युरी आहेत, मुलतानला 309 आणि चेन्नईला 319, आणि समोरची टीम लंचच्या आतच खचायची ते कुठे मोजणार?

त्याचं म्हणणं मला पटतं हो, पण नवा बॉल खेळून काढणं हेच ओपनरचं पहिलं काम ना? त्यात आमचे एक मास्तर इंग्लंडचे जुने ओपनर हटन आणि हॉब्स यांची नावं काढतात. हटनचे 1938 चे एका डावातले 364 रन ठीक, पण तेव्हा पावसात पिच झाकायचे नाहीत, ओल्या पिचवर खेळणं अवघड, मग आजच्या अ‍ॅव्हरेजशी तुलना करायची कशी?

तर जाणकारांनी सांगा, वेगवेगळ्या काळातले ओपनर मोजायला काय धरायचं? परदेशातले रन, समोरचे बॉलर, की स्ट्राइक रेट (शंभर बॉलमागे किती रन)? येत्या रविवारच्या आत सांगितलंत तर फार बरं होईल.