1986ची फियाट, आरसी वारलेल्या काकांच्या नावावर. किती बोलावं?

तांब्याची_तार (सातारा)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. तांब्याच्या तारेचा भाव झोपेतून उठवून विचारा, सांगेन. जुन्या गाडीचा भाव करायची वेळ मात्र पहिल्यांदाच आलीय.

सांगलीत गावभागात बायकोच्या नात्यातल्या एक काकू आहेत. काका हळदीचे अडते होते, मार्केट यार्डात पेढी होती. त्यांची 1986ची प्रीमियर पद्मिनी वाड्याला लागून पत्र्याच्या शेडात उभी आहे. पद्मिनी आरसीवर, तोंडात सगळ्यांच्या फियाटच. सायीच्या रंगाची, गिअर स्टिअरिंगला. काका 2017ला गेले, तेव्हापासून गाडी हललेली नाही.

मुलगा पुण्यात असतो. त्यानं फोनवर 1,60,000 सांगितले. म्हणे मुंबईतल्या काळ्यापिवळ्या फियाट टॅक्स्या बंद झाल्यापासून भाव चढलाय, शिवाय ही 'व्हिंटेज' आहे. अडीच-तीन लाखांच्या चार जाहिरातीही पाठवल्या.

रविवारी बघून आलो. काचा सगळ्या जागच्या, पुढची जाळी आणि बंपरचा क्रोम पुसला तर चमकतोय, डॅशबोर्डला चीर नाही. बॅटरीखालची ट्रे मात्र चाळणी झालीय. डाव्या मागच्या मडगार्डवर टिचकी मारली तर पत्र्याचा आवाज येत नाही, भिंतीवर मारल्यासारखा येतो, म्हणजे आत पुट्टी भरलेली असणार. डिकी उघडली आणि हळदीचा असा भपकारा आला की दोन पावलं मागं सरलो. काका नमुन्याच्या पुड्या डिकीतच ठेवायचे. सांध्यासांध्यात पिवळी पूड बसलीय, नखानं खरवडली तर खालून तांबडा गंज.

2019च्या पुराचं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "चाकापर्यंत आलं होतं रे, शिवून गेलं नुसतं."

आरसी काकांच्याच नावावर, मुदत 2016ला संपलेली. मी मनात 80,000 धरलेत. कमी बोललो तर बायकोला माहेरी ऐकून घ्यावं लागेल, जास्त बोललो तर मला घरी. किती बोलू?

मिरजेचा_मिस्त्री

दादा, चाकापर्यंत का डोक्यापर्यंत ते काकूंना नका विचारू, गाडीला विचारा. त्या साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 57 फूट पाणी होतं, धोक्याची खूण 45ला. गावभागात पाणी 'शिवून' गेलं म्हणजे लै झालं.

मागची सीट उचला. खाली गाळ असंल तर तो धुतला तरी कोपऱ्यात राहतो. दाराचं आतलं पॅड एक काढा. हेडलाइटची वाटी खोलून आत बोट फिरवा, तिथं कुणी पुसत नाही. मग इंजिनची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. चावी मारायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढून भोकातनं थोडं ऑइल सोडा, एक रात्र ठेवा आणि मग फॅनला हातानं फिरवून बघा.

पण हे सगळं दुय्यम. इंजिन जाम असलं तरी मी घाबरत नाही. 1089 सीसीचं साधं इंजिन, बोअर करून पिस्टन-रिंग टाकली की उठतंय. पार्ट मुंबई-पुण्यात अजून मिळतात. फियाटचा जीव पत्र्यात. जीपसारखी वेगळी चासी हिला नाही, बॉडी हीच चासी. दाराखालची पेटी, पुढच्या पायाखालचा फ्लोअर, मागं पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथं शॅकलला, म्हणजे कडीला, अडकवलेत ती जागा, या तीन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर दाबा. आत गेला तर भाव तिथंच पडला. वरनं रंग कसला का असंना.

माझ्याकडं त्या पुरानंतर तीन फियाट आल्या. तिन्हीची इंजिनं चालू केली. तरीही दोन भंगारात गेल्या, शॅकलची जागाच उरली नव्हती.

स्विफ्टवाला_विटा

एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड आय-टेन येते. उगाच कशाला?

तांब्याची_तार (सातारा)

येते की. पण आय-टेनच्या डिकीला हळदीचा वास येत नाही.

कराडकर_50

पत्र्याचं मिस्त्रींनी सांगितलं, कागदाचं मी सांगतो. दोन वर्षांपूर्वी वडिलांची गाडी नावावर करताना आरटीओत चपला झिजवल्यात.

पहिलं, ती व्हिंटेज नाही. 2021च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. 1986ची गाडी 2036 पर्यंत नुसती जुनी. आणि व्हिंटेज झालीच तर नंबरात 'व्हीए' येतं आणि रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरती. तेव्हा मुलगा त्या शब्दाचे जास्तीचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

दुसरं, मालक वारलाय म्हणजे नुसत्या 29 आणि 30 नंबरच्या, म्हणजे नेहमीच्या विक्रीच्या, फॉर्मवर भागत नाही. वारसाचा फॉर्म 31. मृत्यूचा दाखला लागेल, आणि बाकी वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. मुलाशिवाय मुलगी आहे का? असेल तर तिची सही आधी. आमच्यात एका आत्यानं सहा महिने सही अडवली होती, कारण गाडी नव्हतंच, जुनी बांगडी होती.

तिसरं, 25 नंबरच्या फॉर्मवर पुनर्नोंदणी. 20 वर्षांवरच्या कारची फी ऑगस्ट 2025पासून 10,000 झालीय. उशिराचे महिन्याला 500 वेगळे, त्यावर पर्यावरण कर, एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबरपाटी). 2016पासूनची थकबाकी एकूण किती धरतात तो आकडा कार्यालयातून काढून घ्या आणि मगच तोंडातून रक्कम काढा. रेकॉर्ड ऑनलाइन दिसतं का तेही बघा. जुन्या तीन अक्षरी नंबरांची बॅकलॉग नोंद, म्हणजे वहीतली नोंद संगणकावर चढवायची, राहिलेली असते.

आणि तपासणीला चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. तो गंजून वाचता येत नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

पद्मिनी_85 (कोल्हापूर रोड)

माझ्याकडं 1985ची आहे, मागच्या वर्षी घेतली. चालती, कागद चालू, फ्लोअर शाबूत. 1,45,000 दिले. जाहिरात 2,40,000ची होती आणि ती आठ महिने तशीच पडून होती. तुम्हाला पाठवलेल्या जाहिरातीही किती महिने जुन्या आहेत ते बघा. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत सांगली-मिरजेएवढं अंतर नसतं, सांगली-मुंबईएवढं असतं.

टॅक्स्यांचं म्हणाल, तर मुंबईतली शेवटची फियाट टॅक्सी ऑक्टोबर 2023ला 20 वर्षं भरली म्हणून रस्त्यावरून उतरली. त्यानं हळहळ वाढली, फोटो वाढले. गिऱ्हाईक वाढलेलं मला तरी दिसलं नाही.

आता हिशोब उलटा करा. तयार गाडी 1,45,000. त्यातून वजा करत या. आमच्या भागातले माझ्या वहीतले आकडे: फ्लोअर आणि दाराखालच्या पेट्या 35,000, रंग 45,000, इंजिन पूर्ण 32,000, चारही ड्रमचे ब्रेक सिलिंडर आणि मास्टर 9,000, टायर-बॅटरी 20,000. झाले 1,41,000. कागद अजून यायचेत. म्हणजे हिशोबानं काकूंनीच तुम्हाला पैसे द्यायला पाहिजेत.

हसू नका, जवळजवळ प्रत्येक बंद गाडीचं उत्तर असंच येतं. म्हणून तळ धरायचा तो भंगाराचा. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, तुमचा भंगारवाला किलोला काय देतो ते विचारा, 22-25 हजार येतील. त्यावर काचा, जाळी, क्रोम, अखंड डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग-गिअरच्या सळया, या शोधत फिरावं लागतं त्या वस्तू. त्याचे 15,000 धरा. 40,000 झाले. वर जे द्याल ते नादाचे, आणि नादाचे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून काढायचे नाहीत, एवढं पाळा.

80,000 अजिबात बोलू नका.

तांब्याची_तार (सातारा)

काल परत जाऊन आलो, स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन. काकूंना आधी सांगितलं की टोचून बघणार आहे. म्हणाल्या, "टोच, काकांनी पण शेवटी लई सुया खाल्ल्या."

मागची सीट उचलली. खाली गाळ होता, वाळून आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडलेला, बोटभर जाड. उजव्या हेडलाइटच्या वाटीत अर्ध्या उंचीवर तपकिरी रेघ. म्हणजे पाणी चाक सोडून बोनेटजवळ आलं होतं. डिपस्टिक काढली, मिस्त्री म्हणाले तस्सा दुधाचा चहा. ड्रायव्हरच्या पायाखालच्या फ्लोअरमधून स्क्रूड्रायव्हर आरपार जाऊन खालच्या मातीत रुतला. पण शॅकलच्या दोन्ही जागा ठणठणीत! दाराखालची उजवी पेटी वाजते, डावी गेलीय. चासी नंबर तारेच्या ब्रशनं घासल्यावर स्वच्छ वाचता आला, आरसीशी जुळला.

मग काकूंसमोर वही उघडून सगळे आकडे वाचून दाखवले, भंगाराचाही. लपवून भाव पाडणं नात्यात बरं दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते जमतही नाही. शेवटी 45,000 म्हणालो. मुलगा स्पीकरवर होता, तो उखडला. "मग भंगारातच देतो," म्हणाला.

काकू त्याला म्हणाल्या, "तू येऊन देणारेस का भंगारात? नऊ वर्षं म्हणतोयस. मला त्या शेडात धुणं वाळत घालायचंय."

48,000ला ठरलं. वरचे तीन हजार काकूंनी मागितले नव्हते, माझ्याच तोंडून गेले. 30,000 आत्ता, 18,000 आरसी माझ्या नावावर आल्यावर. 500च्या स्टॅम्पवर तसं लिहिलं. मुलगी आहे, इचलकरंजीत, तिची सही आधी घेणार आणि मगच पत्र्याला हात लावणार. कराडकरांच्या आत्याबाईंमुळं हे सुचलं.

शनिवारी टेम्पोत घालून पेठ नाक्यावरून आणतोय. मिस्त्री, एक विचारायचं राहिलं: डिकीतली हळद पाण्यानं धुवू का? पिवळं आणखी पसरेल असं वाटतंय.

मिरजेचा_मिस्त्री

पाणी नको, गंजाला आणखी खायला मिळंल. कोरड्या ब्रशनं काढा, सांध्यात हवा मारा. मग डिकी चार-सहा दिवस उन्हाला उघडी टाका. हळद उन्हात उडते, बायका साडीवरचा डाग काढतात तसाच. आणि साताऱ्याला नेताना टेम्पोत पुढचं तोंड मागं करून चढवा, नाहीतर वाऱ्यानं बोनेट उघडतंय. हिचा खटका जुना झालेला असणार.