वाघ वाचवायचे तर जंगलाशेजारच्या शेतीला दिवसा वीज द्या, पटतं का?

ऑरेंजसिटीकर
वीज कंपनी आणि जंगल म्हटलं की आपल्याकडे सगळी चर्चा वृक्षारोपणावर जाते. झाडं लावा, माझी ना नाही, पण नागपूर जिल्ह्यात उमरेड, भिवापूर, पारशिवनी, देवलापार या पट्ट्यात शेताच्या तारेत काय काय अडकून मरून राहिलं ते बघा ना. डुकरांचा त्रास म्हणून कोणीतरी एलटी लाइनवर, म्हणजे कमी दाबाच्या उघड्या तारांवर, आकडा टाकून चोरीची वीज घेतो, धुऱ्यानं गुडघ्याएवढ्या उंचीवर बाइंडिंग तार ओढतो अन् डुकराच्या जागी वाघ येतो. जय नावाच्या वाघाचा मुलगा श्रीनिवासन २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे असाच गेला, बाप त्याच्या वर्षभर आधी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातून बेपत्ता झालेला.
माझं म्हणणं एकच. जंगलाला लागून असलेल्या शेतीला दिवसा वीज द्या आणि रात्री तो एजी फीडर, म्हणजे शेतीची लाइन, बंद ठेवा. लाइन बंद तर तारेत करंट नाही, आणि ओलित करायला शेतकऱ्याला रात्री वावरात जावं लागत नाही म्हणजे माणूसही वाचतो. २०२३ पासून सौर कृषी वाहिनी २.० चालू आहे, सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प टाकून त्याच्यावर शेतीचे फीडर दिवसा चालवायचे, तर त्यात पहिला नंबर जंगलाशेजारच्या फीडरचा लागला पाहिजे. वाघासाठी वीज कंपनीकडून याच्यापेक्षा मोठं काम मला तरी दिसत नाही.

भिवापूरवाला
भाऊ, दिवसा वीज आम्ही कधीची मागून राहिलो, वाघाचं नाव घेऊन मिळत असेल तर घ्या नाव. पण रात्री फीडर पूर्ण बंद करा म्हणता ते नाही पटत. हरभऱ्याले घाटे धरले की डुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर उकरून टाकतो, म्हणून आम्ही जागलीले जातो, अन् जागलीच्या मचाणावर जो एक बल्ब असते तो बी याच लाइनवर. तो बंद केला तर अंधारात बसायचं का, तेही वाघाच्या पट्ट्यात? तारेत करंट सोडणाऱ्याची बाजू मी घेतच नाही, डुकराच्या आधी शेजारचा माणूसच चिकटते हे गावात सगळ्याले ठाऊक आहे. पण पंचनामा, सातबारा, फोटो, खेटे, एवढं करून जी भरपाई येते त्यात बियाण्याचा खर्च निघत नाही. सौर कुंपणाले अनुदान आहे, झटका बसते पण जनावर मरत नाही, चांगली गोष्ट आहे. फक्त माझ्या वावराले कुंपण झालं की डुकरं शेजाऱ्याच्या वावरात घुसतात, म्हणून द्यायचं तर आख्ख्या शिवाराले द्या.

खांबावरचा
मी लाइनवर काम करतो म्हणून सांगतो. आकडा नेहमी एजी लाइनवरच टाकतात असं नाही, गावठाणाची लाइन जवळ असली तर तिथूनही ओढतात आणि ती तर रात्रभर चालू असते, म्हणजे एजी बंद करून अर्धंच काम होते. दुसरं, लोक म्हणतात सबस्टेशनात ट्रिपिंग झालं, म्हणजे लाइन आपोआप बंद पडली, की तारेत जनावर अडकलं असेल म्हणून लगेच वनविभागाला फोन करा. ११ केव्हीच्या जास्त दाबाच्या लाइनवर कोणी तार टाकली तर ठीक आहे, पण एलटीवरचा आकडा सबस्टेशनात दिसतच नाही, फार तर डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज जाते. पावसाळ्यात फांदी टेकली तरी फीडर ट्रिप होते, एका रात्रीत किती वेळा आणि कोणाकोणाला फोन करायचे, एकेका वायरमनकडे किती गावं आहेत ते पण बघा.

सारसमित्र
सगळे वाघावरच बोलून राहिले म्हणून लिहिते. गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस पक्षी धानाच्या बांधीत उतरतो, पंखांचा पसारा सात-आठ फूट, आणि ११ केव्हीच्या दोन तारांमधलं अंतर त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. दोन तारांना एकदम पंख लागला की संपलं. इथं चोरीचा, आकड्याचा काही संबंधच नाही, कंपनीची स्वतःचीच लाइन आहे. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सारसांसाठी स्वतःहून याचिका दाखल करून घेतली तेव्हा या तारांचा विषय तिथंही निघाला. घरटी कोणत्या गावात आहेत ते पक्षीवाल्यांना माहीत असतं, तेवढ्या टप्प्यात तरी तारांना कव्हर घाला. हे दिवसा वीज देऊन सुटत नाही, ऑरेंजसिटीकर.

कोराडी_रोड
मला तर हा पूर्ण धागाच उलट्या टोकाकडून सुरू झाल्यासारखा वाटते. वीज कुठून येते? कोळशातून. चंद्रपूरच्या खाणी वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेत, राख आमच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे, २०२२ च्या जुलैमध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राख नाल्यानं, शेतानं कुठवर गेली ते लोकांनी पाहिलं. आणि आपण वाद घालून राहिलो शेतकऱ्याच्या बाइंडिंग तारेवर. कंपनीनं मनावर घेतलं तर होते, नागपूरच्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या प्लांटला जाते, १३० एमएलडीचा, म्हणजे दिवसाला १३ कोटी लिटरचा, तो प्रकल्प आहे, तेवढा पेंच धरणाच्या पाण्यावरचा भार कमी. हे पहिले वाढवा, राखेचं पहिले बघा.

ऑरेंजसिटीकर
कोराडी रोड, राखेचं बरोबरच आहे, पण दिवसा चालणारा सोलर फीडर म्हणजे तेवढा कोळसा कमीच ना, दोन्ही एकाच रस्त्यावर आहे. भिवापूरवाले दादा, मचाणाच्या बल्बासाठी सोलर दिवा द्या, त्याच्यासाठी पूर्ण लाइन जिवंत ठेवायची गरज नाही, आणि आख्ख्या शिवाराच्या कुंपणाला माझा पूर्ण पाठिंबा. सारसताई, कव्हरचं मान्य. खांबावरचे भाऊ, गावठाणाच्या लाइनचं तुम्ही सांगितलं तो मुद्दा मोठा आहे. मग जंगलाला लागून जेवढी उघडी एलटी लाइन आहे ती काढून एबी केबल, म्हणजे आवरण असलेली पिळाची केबल, टाकली तर? त्याच्यावर आकडा बसत नाही.

खांबावरचा
एबी केबलवर आकडा बसत नाही हे खरं. कोणी सोलून टाकते, नाही असं नाही, पण ते रात्री अंधारात तार फेकण्याएवढं सोपं नाही. खर्चाचं म्हणाल तर सगळीकडे होणार नाही, अन् गरजही नाही. तार अन् फासे वारंवार कुठं सापडतात ते वनरक्षकाला पक्कं ठाऊक असते, पण तो कागद आमच्या ऑफिसपर्यंत येत नाही. त्यांनी जागा दाखवाव्या, कोणत्या डीपीवरून किती गाळे, म्हणजे किती खांबांच्या टप्प्यांची, केबल लागते ते आम्ही एका दिवसात काढून देतो.