क्रँक पुलीचा बोल्ट हलतच नाही, घरच्या घरी कसा काढावा?

ढिला_नट

होंडाचं जे मालिकेतलं व्ही-६ इंजिन, ऑटोमॅटिक गियरबॉक्स. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलायचाय. उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलंय, बाहेरचा पट्टाही उतरवलाय. बेल्टचं खालचं कव्हर क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरच्या पुलीच्या मागे आहे, आणि पुलीच्या बोल्टवर सगळं अडलंय.

अर्धा इंची ब्रेकर बार, २५० मिमी एक्स्टेंशन, १९ची गोटी (सॉकेट) आणि वर मीटरभर पाइप लावून झाला. एक्स्टेंशन पिळवटतं, बोल्ट ढिम्म. पुली पट्ट्याच्या पान्याने धरली तर पट्टा घसरतो. बॅटरीवरची अर्धा इंची इम्पॅक्ट गन त्याच एक्स्टेंशनवर मिनिटभर चालवली, काही नाही. गंज सोडवणारं तेल रात्रभर मारून ठेवलं होतं.

पाइप आणखी लांब घ्यावा का? की टॉर्चने तापवावा? स्टार्टरची किल्ली मारून सोडवायची युक्तीही ऐकली आहे. कोणता मार्ग आधी घ्यावा?

पाऊण_इंची

पाइप लांब करू नका. ७० किलोचा माणूस मीटरभर पाइपच्या टोकावर लटकला की जवळजवळ ६९० न्यूटन-मीटर होतात. तुमच्या इंजिनाच्या जुन्या आवृत्त्यांना हा बोल्ट २४५ला कसलेला असतो. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन आणि डोक्याखाली गंज धरून सोडायला त्याच्या दीडपट-दुप्पट लागू शकतं, हे मान्य. तरी जोर तुमच्याकडे पुरेसा आहे, तो बोल्टपर्यंत पोचत नाही एवढंच.

गणित बघा. अर्धा इंची एक्स्टेंशनची दांडी साधारण १६ मिमी जाडीची. २५० मिमी लांबीच्या दांडीवर ४०० न्यूटन-मीटर लावले की ती एकटीच सुमारे ११ अंश पिळते. त्यात गोटीच्या चौकोनातली ढिलाई, पट्ट्याचं घसरणं आणि एक्स्टेंशन तिरकं होणं मिळवा. तुम्ही पाव फेरी मारता आणि बोल्टला त्यातलं फारसं काही कळतच नाही. पाऊण इंची एक्स्टेंशनची दांडी २४ मिमीच्या आसपास असते. पिळणं जाडीच्या चौथ्या घाताने कमी होतं, म्हणजे तीच लांबी, तोच जोर, आणि पीळ दोन अंशांच्या थोडा वर.

तर यादी:

१. पाऊण इंची ब्रेकर बार आणि पाऊण इंचीच एक्स्टेंशन. लांबी एवढी हवी की बार फेंडरच्या बाहेर येईल, साधारण ४० सेंमी. मध्ये अडॅप्टर नको, तुटतो तोच आधी.

२. १९ची सहा कोनी इम्पॅक्ट गोटी. बारा कोनी गोटी या कामाला हातातही घेऊ नका, डोक्याचे कोपरे खाते.

३. पुली धरायला ५० मिमी षटकोनी होल्डर. होंडाच्या पुलीच्या मध्यभागी षटकोनी खड्डा असतो, तो याचसाठी. होल्डर मधून पोकळ असतो, गोटी त्यातून आत जाते.

४. एक्स्टेंशनच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक स्टँड. हे लोक विसरतात. आधार नसेल तर तुमचा अर्धा जोर एक्स्टेंशन खाली वाकवण्यात जातो आणि गोटी बोल्टवर तिरकी बसते.

फ्लायव्हील

पाऊण इंचींशी सहमत. दिशेबद्दल भर घालतो, कारण होल्डर चुकीच्या बाजूला टेकवला की तो सुटून पायावर येतो.

उजव्या चाकाच्या जागेतून पुलीकडे बघत बसलात की गाडीचं तोंड तुमच्या उजव्या हाताला. बोल्ट साध्या आट्यांचा, म्हणजे घड्याळाच्या उलट सुटतो. सोडताना पुलीही त्याच दिशेला फिरू बघते. म्हणून होल्डरचा दांडा मागच्या बाजूला (तुमच्या डावीकडे) न्या आणि जमिनीवर लाकडी ठोकळ्यावर टेकवा, तो खाली दाबला जाईल. ब्रेकर बार पुढच्या बाजूला ठेवा आणि वर उचला, पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर. गाडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर, मागच्या चाकांना अडथळे, आणि काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवलेलं. जॅकवर गाडी ठेवून या बोल्टला हात लावायचा नाही.

ऑटोमॅटिकमध्ये 'पी'मध्ये टाकून क्रँक अडत नाही, मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि त्यात नुसतं तेल. मॅन्युअलवाल्यांनी सर्वांत वरचा गियर टाकून कुणाला तरी ब्रेक दाबून बसवावं. पहिला गियर नको: क्रँकवरचा जोर गियरच्या पटीने वाढून चाकांवर जातो आणि टायर, ड्राइव्हशाफ्ट सगळं रबरासारखं ताणलं जातं. वरच्या गियरमध्ये ती पट सर्वांत कमी.

स्क्रू ड्रायव्हर रिंग गियरच्या (स्टार्टर ज्याला फिरवतो त्या दातेरी कड्याच्या) दातांत खुपसून क्रँक अडवायचा प्रकार कृपया नको. हौसिंगचं अ‍ॅल्युमिनियम तडकतं, मग बोल्ट परवडला म्हणायची वेळ येते.

काजळी

एवढा खटाटोप कशाला? पाना बोल्टवर लावा, दांडा पुढच्या बाजूला जमिनीवर टेकवा, फ्युएल पंप आणि इंजेक्टरचे फ्यूज काढा, स्टार्टरला अर्ध्या सेकंदाचा झटका द्या. इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं, पाना अडलेला, बोल्ट सुटला. पाच मिनिटांचं काम.

आटेदार

काजळी, जे मालिकेत दिशा बरोबर आहे, युक्ती चालते. पण वाचणारे सगळे जे मालिकेवाले नाहीत. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेची इंजिनं उलटी, म्हणजे पुलीकडून बघता घड्याळाच्या विरुद्ध फिरतात. तिथे हाच झटका बोल्ट आणखी कसतो, किंवा पाना उचलून फेंडरवर आपटतो. के मालिकेपासून पुढची परत घड्याळाच्या दिशेने.

आणि दिशा बरोबर असली तरी माझं मत विरुद्धच. पाना कुठे उडेल यावर ताबा नाही, स्टार्टरच्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) एकदम अडल्याचा धक्का बसतो, आणि इंधन बंद करायचं विसरलं तर इंजिन सुरू होऊन पाना फिरवेल. साधनं मिळवायची सोय असताना हे करायचं कारण दिसत नाही.

तेलाबद्दल: रात्रभर मारलंत म्हणून नुकसान नाही, पण फायदाही शून्य. आटे पुलीच्या पार आत, क्रँकच्या नाकात आहेत. डोक्याखालची वायसर एवढ्या दाबाने बसलेली असते की तेलाला आत वाटच नाही. आता टॉर्च पेटवायची असेल तर ते तेल आधी पुसून काढा.

ढिला_नट

होल्डर आणि पाऊण इंची बार मिळतोय. तरी विचारून ठेवतो, गनचं काय? हातातली गन बऱ्यापैकी दमदार आहे, लेबलवर मोठा आकडा आहे.

पाऊण_इंची

लेबलवरचा आकडा बहुतेक वेळा सोडण्याच्या दिशेचा, पूर्ण भरलेल्या बॅटरीवरचा आणि एक्स्टेंशनशिवायचा असतो. गनचा प्रत्येक ठोका फार छोटा असतो. वर सांगितलेला ११ अंशांचा पीळ तो अख्खा ठोका गिळतो आणि परत सोडून देतो. म्हणून गन लावायची तर एक्स्टेंशन काढा, गोटी थेट गनवर. जागा असतेच, चाकाच्या कमानीतून गन सरळ आत जाते.

यासाठी जाड, वजनदार गोटी वेगळी मिळते, १९चीच, पण बाहेरून लोखंडाची मोठी कडी असलेली. ते वजन बोल्टला चिकटून फिरतं, त्यामुळे ठोका मध्येच वाया जात नाही. अर्ध्या इंची गनवर ती चढवली की तीच गन वेगळी वाटते. हवेवरची गन असेल तर बारीक पाइप हा नेहमीचा गुन्हेगार. आतून किमान १० मिमीचा पाइप, टाकी पूर्ण भरलेली, आणि दाब गनजवळ मोजायचा. कॉम्प्रेसरच्या मीटरवर विसंबू नका.

दहा-पंधरा सेकंद मारा, थांबा. तेवढ्यात हलला नाही तर दोन मिनिटं मारूनही हलत नाही, नुसती गोटी तापते. (आणि गनचं बटण सोडायच्या दिशेला आहे ना, बघा. हसू नका.)

आटेदार

तापवायचं झालं तर फक्त बोल्टचं डोकं, छोट्या ज्योतीने, तीन-चार मिनिटं. बोल्ट भोवतालापेक्षा गरम झाला की लांब होतो आणि पुलीवरची पकड तेवढ्यापुरती सैलावते. गरम असतानाच जोर लावायचा. थंड होऊ दिला की सगळं मूळपदावर. ज्योत बाहेरच्या कड्याकडे जाऊ देऊ नका. पुलीच्या आतलं आणि बाहेरचं लोखंड रबराच्या कड्याने जोडलेलं असतं, क्रँकचे कंप शोषायला. ते रबर सुटलं की बाहेरचं कडं सरकतं आणि पट्टा वाकडा चालतो. पुलीमागचं ऑइल सीलही तापतं, तापवलंत तर ते बदलायचंच असं धरून चाला.

क्रमाने सांगायचं तर आधी होल्डर आणि पाऊण इंची बार, मग वजनदार गोटीवर गन, मग उष्णता. डोक्याचे कोपरे गेलेच तर उलट्या पिळाची, ठोकून बसवायची गोटी. तीही हरली तर डोकं ड्रिलने उडवायचं: मधोमध ५ मिमीचं भोक, मग टप्प्याटप्प्याने दांड्याच्या जाडीपर्यंत. डोकं निघालं की ताण संपतो आणि उरलेला दांडा बहुतेक वेळा पक्कडीने सुटतो.

काजळी

होल्डर न मिळणाऱ्यांसाठी दोरीची युक्ती सांगा की कुणीतरी. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोरी भरायची, पिस्टन अडतो.

फ्लायव्हील

चालते, पण अर्धवट सांगू नका. सोडताना क्रँक उलटा फिरतो. पिस्टन उलट फिरताना वर यायला हवा आणि त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. म्हणजे कॉम्प्रेशनच्या टोकावरून पुढे, पॉवर स्ट्रोकमध्ये साधारण ६० ते ९० अंश खाली आलेला पिस्टन. तिथे ८-१० मिमीची मऊ नायलॉन दोरी भरा, बाहेर हातभर शेपूट आणि टोकाला गाठ. चुकून दुसरा स्ट्रोक धरलात तर दोरी उघड्या व्हॉल्व्हवर दाबली जाते आणि तो वाकतो. बेल्ट तुटलेला किंवा दात सरकलेला असेल तर ही युक्ती बाद, व्हॉल्व्ह कुठे आहेत याचा भरवसा नाही.

मोजपट्टी

धागा दुसऱ्या गाड्यांचे लोकही वाचतील म्हणून एक मोठा इशारा. क्रँकवर चावी (खाचेत बसून चाक आणि पुली क्रँकवर सरकू न देणारा धातूचा छोटा तुकडा) नसलेली इंजिनं असतात. फोर्डचं ड्युरेटेक २.० आणि २.३ घ्या: दातेरी चाक आणि पुली केवळ या एका बोल्टच्या दाबावर धरलेली असतात. बोल्ट ढिला झाला की टायमिंग गेलं, डोळ्यांना काही दिसणार नाही. तिथे आधी कॅमशाफ्टची पट्टी आणि क्रँकची पिन लावून इंजिन जागेवर आणायचं, मगच बोल्ट. आणि त्या पिना फक्त जागा दाखवायला आहेत. त्यांच्यावर सोडायचा जोर टाकलात तर पिन वाकते किंवा ब्लॉकचा कान तुटतो. पुली वेगळ्या साधनाने धरायची. बोल्ट एकदाच वापरायचा, नवीन १०० न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश.

जे मालिकेत चावी आहे, ही भीती नाही.

ढिला_नट

निघाला! पाऊण इंची बार, ५० मिमी होल्डर, एक्स्टेंशनखाली स्टँड. बंदुकीसारखा आवाज झाला, आधी वाटलं गोटी फुटली. तापवावं लागलं नाही. पुली हाताने हलवत बाहेर आली. आता परत बसवताना काय बघू? टॉर्क पाना २००पर्यंतचाच आहे.

मोजपट्टी

तो आवाज वायसरची पकड सुटल्याचा, चांगलं लक्षण.

बसवण्याआधी चावी आणि तिची खाच बोटाने चाचपा. कडा तीक्ष्ण हव्यात. खाच रुंदावली असेल तर बोल्ट कधीतरी कमी कसला गेला होता. हा बोल्ट ढिला राहिला की काय होतं याचं ठळक उदाहरण माझदा मियाटाची १९९०-९१ची पहिली इंजिनं: क्रँकचं नाक आखूड, पुली डुलून खाच खायची आणि क्रँकच बदलायची वेळ यायची.

पुलीचा आणि क्रँकचा टेकणारा पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ. इंजिन ऑइलचे दोन थेंब आट्यांवर आणि बोल्टचं डोकं व वायसर यांच्या मधे. वायसर पुलीला टेकते ती बाजू कोरडी. आट्यांना लॉकटाइट नको.

आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. जुन्या जे इंजिनांना सरळ २४५ आहे, नंतरच्यांना कमी टॉर्क आणि वर अंश. के मालिकेतल्या काहींना तर ४९ आणि वर ९० अंश. दोन पद्धतींची खिचडी केली की बोल्ट ताणला जातो. गनने कसायचा नाही.

२४५ असेल आणि पाना २००चा, तर सामान मोजायचा हुकाचा काटा घ्या. बारवर बोल्टच्या केंद्रापासून बरोबर १ मीटरवर खूण करा, काटा तिथे अडकवा आणि बारशी काटकोनात, सावकाश ओढा. काट्यावर २५ किलो दिसले की २४५ न्यूटन-मीटर झाले. होल्डरचा दांडा आता उलट बाजूला, पुढे जमिनीवर टेकवायचा, आणि काटा बारला मागच्या बाजूने वर ओढायचा. बार आडवा ठेवून ओढलात तर त्याचं स्वतःचं वजन उलट दिशेने मोजलं जातं, म्हणून नुसता बार आडवा धरायला काटा जेवढं दाखवतो तेवढे किलो २५मध्ये वाढवा.