पैठणीचं रेशीम रॉडला गुंडाळलं, पण इपॉक्सी लावताच जांभळा काळा पडला

नाथसागरकाठ (पैठण):

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी गळाचा रॉड बांधायला घेतलाय. चाळीस वर्षं ते नाथसागराच्या बॅकवॉटरला गळ टाकत आलेत. आधी बांबूच्या काठीवर टाकायचे, हल्ली माझ्या जुन्या रॉडवर टाकतात. या वेळी आठ फुटी कार्बनची ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती कोरी काठी मागवली, गाईड, म्हणजे गळाची दोरी ओवायच्या कड्या वेगळ्या घेतल्या, आणि ठरवलं की त्या काठीला बांधायचा दोरा मात्र आपल्या घरचाच. बायको मागावर बसते. तिच्याकडे जांभळ्या-हिरव्या रेशमाच्या उरलेल्या कांड्या होत्या, थोडी जर होती. मुठीच्या वरच्या सहा इंचांत नारळी काठ, म्हणजे पैठणीच्या काठावरची टोकदार शेंड्यांची ओळ, उठवायचा असं मनात आहे.

आधी गाईड बांधले. इतके देखणे दिसायला लागले की बायकोने रॉड उजेडात नेऊन दोनदा पाहिला. मग वरून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा लेप, लावली आणि दहा मिनिटांत जांभळा जवळजवळ काळा झाला, हिरवा बाटलीच्या काचेसारखा, खालचा कार्बन आरपार दिसायला लागला. जर मात्र होती तशीच राहिली. शिवाय बुडबुडे आलेत, आणि गाईडचा पाय (दोऱ्याखाली बांधली जाणारी त्याची पट्टी) जिथे सुरू होतो तिथे वेढ्यांत फट पडलीय.

रंग का गेला? रेशीम ठेवूनच हे काम करता येईल का? आणि नारळी काठ गोल काठीवर आखायचा कसा? दसऱ्याला वडिलांच्या हातात द्यायचाय.

वाइंडिंगवाला (माजलगाव):

भाऊ, रंग गेला नाही, रेशीम भिजलंय. पावसात पांढरा सदरा भिजला की आतलं बनियन दिसतं ना, तसंच. कोरड्या दोऱ्याच्या तंतूंमध्ये हवा असते, उजेड तिथूनच परततो, म्हणून रंग भरीव दिसतो. हवेच्या जागी इपॉक्सी शिरली की उजेड आत जातो, आणि आत तुमची काळी ब्लँक आहे. जरीला धातूचं आवरण, तिच्यातून उजेड जातच नाही.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर पाणबुडी मोटारींचे वेढे भरतो, आणि गेली आठ वर्षं संध्याकाळी रॉड बांधतो. दोन्ही कामांत दोऱ्याचा ताण आणि वर मुरणारा लेप, एवढ्यावरच सगळं उभं असतं.

रंग राखायला कलर प्रिझर्व्हर मिळतो, पाण्यात विरघळणारं ॲक्रेलिक. दोन हात द्यायचे, ब्रशने दोऱ्यात नीट मुरवायचे, आणि एक अख्खा दिवस वाळू द्यायचं. कुठे कमी मुरला तर तिथे चट्टा उठतो, ओला राहिला तर वरची इपॉक्सी दुधाळ होते. पण गाईडवर मी तो लावत नाही. गाईडला धरून ठेवण्यात दोऱ्यात मुरलेल्या इपॉक्सीचा मोठा वाटा असतो. तंतू आधीच भरून टाकले तर ती आत शिरणार कुठून? चार-पाच किलोचा कटला खाली दडी मारतो तेव्हा सगळी ओढ त्या पायांवरच येते. म्हणून गाईडला नायलॉनच घ्या, ए साइझचा. रंग न बदलणारा नायलॉनही मिळतो. डी जाड असतो, तो भक्कम समुद्री रॉडला शोभतो. रेशीम मुठीच्या वर, सजावटीच्या जागी ठेवा.

तिथेही प्रिझर्व्हर नको असेल तर तेवढ्या सहा इंचांवर आधी पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्या. मग रेशीम आरपार झालं तरी खालून उजेड परत येतो. जुन्या काळी चिरलेल्या बांबूच्या काड्या चिकटवून रॉड करायचे, त्यांवर रेशीम मुद्दाम असंच पारदर्शक होऊ देत. बांबूचा पिवळेपणा दोऱ्यातून दिसायचा, आणि तेच त्याचं सौंदर्य होतं.

फट पडली कारण गाईडच्या पायाचं टोक जाड राहिलंय. कानशीने घासून ते पात्यासारखं बारीक करा, खालच्या बाजूची बर, म्हणजे घासताना कडेला उठलेली धार, काढा, नाहीतर ब्लँकला ओरखडा पडेल. सुरुवात पायाच्या तीन-चार मिमी अलीकडे ब्लँकवर करायची आणि चढत चढत पायावर यायचं. ताण एवढाच की बांधून झाल्यावर अंगठ्याने जोर लावला तर गाईड किंचित सरकलं पाहिजे, म्हणजे सगळे एका ओळीत आणता येतात.

इपॉक्सीचे दोन्ही भाग सारखे, सुईशिवायच्या सिरिंजने मोजून. अंदाजाने ओतलेली मी चिकट राहिलेली पाहिलीय. हळू ढवळा, फेटू नका, आणि लगेच ॲल्युमिनियम फॉइलवर पसरून ओता. वाटीत ढीग राहिला तर स्वतःच्या उष्णतेनेच लवकर घट्ट होते, आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. उरलेले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लांबून, न थांबवता फिरवली की फुटतात. रॉड फिरत राहायला हवा, नाहीतर ओघळ येतो. जुन्या मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, ती छान चालते. पण तिच्यावर किती व्होल्टची आहे ते वाचल्याशिवाय जोडू नका, काही 21 व्होल्टच्या असतात. पंखा बंद ठेवा, धूळ बसते.

आधीचं काढताना हेअर ड्रायरने ऊब द्या आणि ब्लेड गाईडच्या पायावरूनच ओढा. ब्लँकवर ब्लेड टेकवायचं नाही.

गाठवण (परभणी):

दादा, आमच्याकडे पटवेकरी काम आहे. पोत, मंगळसूत्र गाठवून देते, त्यामुळे रेशीम रोज हातात. मागावरच्या रेशमाला पीळ कमी असतो, ते चपटं बसतं आणि नखाला अडकून पिसतं. दोन तंतू एकत्र करून पीळ द्या, मग गुंडाळा. आम्ही दोऱ्याला मेण लावतो, तुम्ही मात्र लावू नका, वर लेप धरणार नाही. आणि लव जाळायला ज्योत फिरवू नका. नायलॉन वितळून बसतो, रेशीम जळतं, केस जळाल्यासारखा वास येतो. नव्या ब्लेडने कापा.

शेवट आमच्यासारखाच. संपायला सहा-सात वेढे राहिले की दुहेरी दोऱ्याचा फास आत ठेवायचा, त्यावरून वेढे घ्यायचे, टोक फासात घालून ओढून घ्यायचं. गाठ लागत नाही.

नाथसागरकाठ:

ताई, दादा, फार उपकार झाले. गाईड सोडवले, पाय घासतोय. नारळी काठाचं राहिलं.

वाइंडिंगवाला:

हो, ते घाईत राहिलं. हिरा म्हणून जो नमुना सगळे करतात त्यात पहिल्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोरे वाढवत जातात. तुम्हाला शेंडे हवेत, म्हणून शेव्हरॉन, म्हणजे एकाखाली एक बाणाच्या टोकांचा नमुना, घ्या. त्यात नवा दोरा नेहमी एकाच बाजूला बसतो.

कागदाची पट्टी ब्लँकभोवती गुंडाळून घेर घ्या, मधोमध घडी घाला. समोरासमोरच्या दोन रेघा मिळतील, पांढऱ्या पेन्सिलने आखा. समोरच्या रेघेवर दर 20 मिमीला खूण, मागच्या रेघेवर त्या खुणांच्या मधोमध. दोन्ही टोकांना दुतर्फी टेप. पहिला दोरा खुणांवरून तिरका खाली न्या, टेपवर वळवा, तसाच उलट वर आणा. दोरे जिथे छेदतात तो शेंडा. पुढचा प्रत्येक दोरा त्याला चिकटून: दोन हिरवे, चार जांभळे, एक जर. दर फेरीनंतर छेद नखाने किंवा गुळगुळीत काडीने दाबून सरळ करा, पहिल्या चार फेऱ्यांत वाकडं गेलं तर पुढे सावरत नाही. ब्लँक वर निमुळती होते, त्या हिशेबाने खुणाही थोड्या जवळ घ्या. शेवटी दोन्ही टोकांवर साधे वेढे घट्ट घ्या आणि टेपकडचे दोरे कापा.

नाथसागरकाठ:

आधी वडिलांच्या जुन्या बांबूच्या काठीचा तुकडा घेऊन करून पाहिलं. पीळ दिलेलं रेशीम, प्रिझर्व्हर न लावता. इपॉक्सीखाली जांभळा पिकल्या जांभळाच्या रसासारखा आलाय, काळा नाही. तिसरा शेंडा एका धाग्याने सरकलाय. बायको म्हणाली, माग जोडताना मीही तिथेच चुकले होते, आणि तिने सुईच्या मागच्या टोकाने तो जागेवर आणला. वडिलांनी तुकडा खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. कार्बनवर पांढरा हात देऊन आज सुकत ठेवलाय.